समोरून येणाऱ्याचा वेग

ज्यांनी मराठी शाळेत अंकगणिताचे धडे गिरविले, त्यांना आगगाड्यांची उदाहरणे आठवत असतीलच. दोन गाड्या समोरासमोरून येत आहेत. एकीचा वेग ताशी इतके मैल, दुसरीचा तितके. तर त्या एकमेकींस किती वेळाने भेटतील? एकाच दिशेने जात असतील तर वेगांची वजाबाकी करा, समोरासमोरून येत असतील तर बेरीज करा, असे गुरुजी सांगत. आम्हीही पुढे अनेक वर्षे वर्गात हेच सांगत आलो. त्या उदाहरणात दोन्ही वेग पुस्तकात छापलेले असत आणि दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवरून धावत. मोटार चालविणारा माणूस पुढच्या गाडीला मागे टाकतो तेव्हा त्याला हेच उदाहरण सोडवावे लागते. मात्र तेथे एक वेग दिलेला नसतो आणि रूळ दोघांना मिळून एकच असतो.

या देशात त्या कृतीला 'अकीफा' म्हणतात. मुंबईत आपण 'ओव्हरटेक' म्हणत होतो. शब्द कोणताही असो, दुपदरी रस्त्यावर तिचा अर्थ एवढाच की, काही सेकंदांपुरते आपण दुसऱ्याच्या हक्काच्या जागेत शिरतो. हा दुसरा म्हणजे ज्याला आपण मागे टाकतो तो नव्हे, तर समोरून येणारा. त्याचा चेहरा आपण पाहिलेला नसतो, त्याची परवानगी आपण विचारलेली नसते, आणि त्याच्या गाडीत कोण बसले आहे हेही आपल्याला ठाऊक नसते. म्हणून हा प्रश्न वाहतूक पोलिसांचा आहे तितकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

उदाहरण मांडून पाहू. मेतुल्लापासून एलातजवळच्या ताबा सरहद्दीपर्यंत जाणारा 90 क्रमांकाचा रस्ता सुमारे 480 किलोमीटर लांब आहे. देशातला सर्वांत लांब रस्ता तोच. अरावातून जाताना त्याच्या काही भागांत जाण्यायेण्याच्या पट्ट्यांमध्ये दुभाजक नाही. आपली मंडळी सुट्टीत मुलाबाळांना घेऊन एलातला जातात ती याच वाटेने. समजा, पुढे एक लांबलचक मालट्रक ताशी 70 किलोमीटर वेगाने चालला आहे आणि आपण ताशी 90 ने त्याच्या पुढे जाऊ पाहतो. ट्रकच्या मागे सोडलेले अंतर, ट्रकची लांबी, आपल्या गाडीची लांबी आणि परत आपल्या पट्ट्यात येण्यापूर्वी सोडावयाचे अंतर मिळून सुमारे 70 मीटर होतात. वेगांतला फरक ताशी 20 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. तेव्हा या कामास साडेबारा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपली गाडी सुमारे 315 मीटर जाते. समोरचाही ताशी 90 ने येत असेल तर तोही 315 मीटर येतो. म्हणजे किमान 630 मीटर रस्ता मोकळा पाहिजे. आता समोरचा 90 ऐवजी 120 ने येत आहे असे धरा. तो 420 मीटर येईल आणि मोकळा रस्ता 735 मीटर लागेल. ज्याने 630 चा हिशेब करून गाडी बाहेर काढली, त्याला 105 मीटर कमी पडले.

हा शंभर मीटरांचा फरक डोळ्याला कळत नाही, आणि सगळा धोका येथेच आहे. आडवी जाणारी गाडी आपल्या नजरेपुढून सरकते, म्हणून तिचा वेग कळतो. सरळ समोरून येणारी गाडी सरकत नाही, ती फक्त मोठी होत जाते. 630 मीटरांवरची मोटार आपल्याला आकाशातल्या पूर्णचंद्राच्या सुमारे एकतृतीयांश रुंदीची दिसते. दोघेही ताशी 90 ने जात असलो तरी तिचे चित्र दुप्पट व्हावयास सहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. पुढची दुप्पट तीन सेकंदांत होते आणि त्यापुढची दीड सेकंदात. डोळा जेव्हा 'ही फार वेगाने येत आहे' असे सांगतो, तेव्हा आपण ट्रकच्या बरोबरीला पोहोचलेलो असतो. या विषयाच्या अभ्यासकांनी पुनःपुन्हा पडताळून पाहिले आहे की, माणसे समोरच्या गाडीच्या अंतरावर निर्णय घेतात, तिच्या वेगावर फारसा नाही. मोटारसायकल लहान असल्यामुळे आहे त्याहून दूर भासते. रात्री तर केवळ दिवे दिसतात.

कोणी म्हणेल, आम्ही तीस वर्षे गाडी चालवीत आहोत, आमचा अंदाज पक्का आहे. परंतु या बाबतीत अनुभव हा विश्वासू गुरू नव्हे. शंभर वेळा आपण सुखरूप पुढे गेलो, त्यांपैकी किती वेळा आपला अंदाज बरोबर होता आणि किती वेळा समोरच्याने ब्रेक दाबला किंवा गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्याने आपला जीव वाचविला आणि आपण ते आपल्या कौशल्याच्या खात्यावर मांडून ठेवले, असे पुष्कळदा घडत असेल.

येथे खरा प्रश्न येतो. ज्याने मनात वाईट हेतू न ठेवता अंदाज केला आणि तो चुकला, तो दोषी म्हणावा काय? तोराने या प्रश्नाला सोपे उत्तर दिलेले नाही. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागले व तो मेला, हे उदाहरण अनुवादाच्या पुस्तकात दिले आहे. अशा माणसाला खुनी म्हटलेले नाही. त्याने आश्रयाच्या नगरात पळून जावे. अशी सहा नगरे नेमून दिली होती. तेथे त्याच्या जिवाचे रक्षण होई, परंतु त्याला आपले घर, आपला गाव सोडावा लागे. हेतू नव्हता एवढ्याने तो खुनाच्या आरोपातून सुटतो, पण काही घडलेच नाही असे होत नाही. आणि आमचा पुढचा प्रश्न असा : पाते सैल आहे हे ज्याला आधीपासून माहीत होते आणि तरीही ज्याने कुऱ्हाड उगारली, त्याचे काय? समोरून येणाऱ्याचा वेग आपल्या डोळ्याला कळत नाही, हे एकदा समजल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात तीच सैल कुऱ्हाड आहे. त्यानंतर केलेला अंदाज ही चूक राहत नाही. तो जुगार होतो, आणि पणाला लावलेला जीव एकट्या आपला नसतो.

आपल्या घरांतली एक गोष्ट पाहा. मटणाच्या भांड्यात दुधाचा थेंब पडला की काय, अशी नुसती शंका आली तरी आपल्या आया-आज्या हात आखडून घेत. विचारल्याशिवाय ते अन्न कोणाच्या ताटात पडत नसे. कोकणात जेव्हा आपल्या लोकांपाशी फारसे ग्रंथही नव्हते, तेव्हासुद्धा ही सावधगिरी सुटली नाही. तलमूदाच्या हुल्लीन या भागात याच्याही पुढे जाऊन विचार मांडला आहे : निषिद्ध वस्तूविषयीच्या शंकेपेक्षा जिवाच्या धोक्याविषयीची शंका अधिक कडक मानावी. स्वयंपाकघरात जो माणूस शंकेचा एक थेंब चालवून घेत नाही, तोच रस्त्यावर 'होईल बहुतेक' म्हणून गाडी बाहेर काढतो, हे आम्हांस उलटे वाटते.

यावर असा आक्षेप येईल की, मग कोणी कोणाच्या पुढे जाऊच नये काय? एका ट्रॅक्टरमागे सगळ्यांनी रांगेने जन्म काढावा काय? तसे नाही. रस्ता लांबवर सरळ दिसत आहे, रेघ तुटक आहे, समोर कोणीच नाही, तेव्हा खुशाल जावे. पण समोर वाहन दिसत असेल आणि 'जमेल का?' हा प्रश्न मनात उठला असेल, तर प्रश्न उठला हेच उत्तर समजावे. तसेच चढापलीकडे किंवा वळणापलीकडे काही दिसत नाही, याचा अर्थ तेथे काही नाही असा होत नाही. थांबल्याने होणारे नुकसानही मोजून पाहावे. वीस किलोमीटर त्या ट्रकच्या मागे 70 ने गेलो तर सुमारे 17 मिनिटे लागतात, 90 ने गेलो तर 13. चार मिनिटांपेक्षा कमीच फरक पडतो.

पण शुक्रवारी संध्याकाळी ही चार मिनिटेही मोठी वाटतात, हे आम्ही जाणतो. दिवे लावण्याची वेळ जवळ येते, घरी वाट पाहत असतात. तलमूदात याचाही विचार आहे. सार्वजनिक वाटेवर धावणाऱ्याने चालणाऱ्याला इजा केली तर धावणारा जबाबदार; मात्र शब्बाथच्या पूर्वसंध्येला, दिवस मावळताना धावणाऱ्याला सूट आहे, कारण तो परवानगीने धावतो. कोणी या सवलतीकडे बोट दाखवील. पण ती पायांनी धावणाऱ्या माणसाला दिली आहे. त्याचा धक्का लागला तर फार तर कोणी खाली पडेल. हजार-दीड हजार किलो लोखंड सेकंदाला पंचवीस मीटर धावविणाऱ्यास ती लागू करता येणार नाही. ज्या शब्बाथचा नियम एक जीव वाचण्याच्या नुसत्या शक्यतेसाठीही मोडावा अशी आज्ञा आहे, त्या शब्बाथसाठी जीव धोक्यात घालणे कसे शोभेल?

वाट कोणी कोणाला द्यावी, याविषयी सान्हेद्रीन भागात एक सुंदर उदाहरण आहे. बेथ-होरोनच्या चढणीवर दोन उंट एकमेकांसमोर येतात. दोघेही एकदम जाऊ लागले तर दोघेही कोसळतील; एकामागून एक गेले तर दोघेही पार होतील. मग आधी कोणी जावे? रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यावी. ज्याचा मुक्काम जवळ आहे त्याने दूरच्याला वाट द्यावी. दोघेही सारखेच असतील तर आपसांत तडजोड करावी आणि थांबणाऱ्याला भरपाई द्यावी. लोदहून यरुशलेमकडे 443 क्रमांकाच्या रस्त्याने जाणारे वाचक त्याच डोंगराळ भागातून जातात. या उदाहरणात वेगवान कोण हा प्रश्न कोठेच नाही. कोणावर ओझे आहे, एवढेच पाहिले आहे.

म्हणून कर्तव्य तिघांनाही आहे. ज्याला मागे टाकले जात आहे त्याने ईर्ष्येने वेग वाढवू नये, उलट थोडा कमी करून जागा द्यावी. समोरून येणाऱ्याने 'हक्क माझा आहे' म्हणून अडून बसू नये. तेथे हक्क सिद्ध करावयास कोणी उरणार नाही. आणि पुढे जाणाऱ्याने संशयाचा फायदा नेहमी समोरच्याला द्यावा. हिंदुस्थानात ट्रकचालक हात हलवून 'जा' म्हणत असे, तो सद्भाव होता. पण समोरच्याचा वेग त्याच्याही डोळ्याला कळत नसे. त्याच्या हाताने आपली जबाबदारी संपत नव्हती.

प्रवासास निघताना आपण तेफिला म्हणतो. वाटेतले शत्रू, लपून बसलेले लुटारू, हिंस्र पशू यांच्यापासून परमेश्वराने राखावे, असे तीत मागतो. त्याच वेळी समोरच्या गावाहून निघालेले कोणी कुटुंबही तेच मागत असते. त्यांच्या प्रार्थनेतला वाटेवरचा धोका आपण होऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.