कोठीतले बी आणि पेरलेले बी

एखादी वस्तू काम करत नसताना ती ‘आहे’ असे म्हणायचे का, हा भारतीय दर्शनांतला जुना आणि चिवट वाद आहे. बौद्ध तार्किकांच्या मते काहीतरी कार्य घडवणे हेच असण्याचे लक्षण. त्याला ते अर्थक्रियाकारित्व म्हणतात. जे काहीच घडवत नाही ते नाहीच, आणि जे घडवते ते त्या क्षणापुरतेच असते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते वस्तू आधी असते, सामग्री जुळली की काम करते, न जुळली तर स्वस्थ राहते. स्वस्थ राहिली म्हणून ती नाहीशी होत नाही. प्रोग्राम आपल्या यंत्रावरच्या कंटेनरमध्ये चालता ठेवायचा की मागणी येईल तेव्हाच जन्मणाऱ्या सर्व्हरलेस सेवेकडे सोपवायचा, या आजच्या निवडीच्या मुळाशी हाच वाद आहे. निवड सहसा खर्चाच्या तक्त्यावरून होते. तक्ता हवाच, पण त्या प्रोग्राममध्ये टिकायला हवे असे नेमके काय आहे आणि ते कोणाजवळ टिकायचे आहे, हे त्याच्या आधी ठरवावे लागते.

या वादाच्या अभ्यासात बडोद्याचे ऋण मोठे आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १९१६ साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून गायकवाड्स ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला सुरू झाली. १९२६ मध्ये या मालेत शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’, त्याचा शिष्य कमलशील याच्या ‘पंजिका’ टीकेसह, एम्बार कृष्णम्माचार्यांनी संपादून काढला. शांतरक्षित हा नालंदेचा आठव्या शतकातला आचार्य; तो पुढे तिबेटात गेला आणि तिथल्या बौद्ध धर्माच्या पायाभरणीत त्याचा वाटा राहिला. ‘तत्त्वसंग्रहा’त एकामागून एक परमतांची परीक्षा आहे, त्यातली ‘स्थिरभावपरीक्षा’ वस्तू टिकून राहते हे मत खोडून काढते. गंगानाथ झा यांचा इंग्रजी अनुवाद याच मालेत १९३७ आणि १९३९ साली आला. मालेने एकच बाजू धरली नाही. हरिभद्रसूरींची ‘अनेकांतजयपताका’ ही जैनांची बाजू हीरालाल कापडियांच्या संपादनात १९४० आणि १९४७ साली निघाली. बौद्ध तार्किक अर्चटाची ‘हेतुबिंदुटीका’ १९४९ मध्ये आली, बडोदे संस्थान विलीन झाले त्याच वर्षी. राजाने पैसे द्यावेत आणि पंडितांनी एकमेकांची मते खोडणारे ग्रंथ शेजारी शेजारी छापावेत, ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नव्हती.

आता कंटेनरकडे. प्रोग्राम आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एका गाठोड्यात बांधली की इमेज तयार होते. ती इमेज चालू केली की जे स्वतंत्र, इतरांपासून अलग ठेवलेले रूप उभे राहते तो कंटेनर. अलगपणाची ही कल्पना युनिक्समध्ये १९७९ पासून आहे, पण ती सर्वांच्या हाती आली २०१३ मध्ये, डॉकरमुळे. लॅपटॉपवर किंवा कार्यालयातल्या सर्व्हरवर डॉकर वा त्याच जातीचे पॉडमन बसवले की कंटेनर आपल्या ताब्यात राहतो: तो थांबवला तरी पुसेपर्यंत त्याने लिहिलेला थर जागेवर असतो, पुन्हा सुरू केला की सापडतो. सर्व्हरलेस सेवेचा रिवाज निराळा. अमेझॉनचे फारगेट २०१७ मध्ये आणि गुगलचे क्लाउड रन २०१९ मध्ये आले. दोन्ही मुंबईतूनही चालवता येतात. यांत इमेज सोपवली की यंत्र कोणते, कुठे, किती, याची विचारपूस संपते. क्लाउड रनमध्ये तर मागणी नसेल तेव्हा चालत्या कंटेनरांची संख्या शून्यावर येते. मागणी आली की नवा कंटेनर उभा राहतो, उत्तर देतो, काही काळ वाट पाहतो आणि मावळतो. बिल चालल्या वेळाचे. कंटेनरने फाइल लिहिली तर एरवी ती स्मृतीतच लिहिली जाते आणि कंटेनराबरोबर जाते.

वस्तू क्षणापुरतीच असते या बौद्ध मताच्या, म्हणजे क्षणभंगवादाच्या, चर्चेतले प्रसिद्ध उदाहरण कोठीतल्या बियाचे आहे. कोठीत पडलेले बी उगवत नाही, शेतात पेरलेले उगवते. नैयायिक म्हणतो, बी तेच. माती, पाणी, ऊब हे सहकारी मिळाले म्हणून अंकुर फुटला. बौद्ध विचारतो, अंकुर फोडण्याची शक्ती कोठीतल्या बियात होती की नव्हती? होती, तर ते तिथेच का उगवले नाही? नव्हती, तर ती नंतर आली. आणि जे नव्या शक्तीने युक्त झाले ते पूर्वीचेच कसे? सहकाऱ्यांनी बियात काही भर घातली म्हणावे, तर ती भर बियाहून वेगळी की अभिन्न, हा प्रश्न उरतो. म्हणून त्याच्या मते अंकुर फोडणारे बी हे वेगळेच क्षणिक बी आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त या युक्तिवादाशी झुंज घेतली. त्यांचा मुद्दा असा की सामर्थ्य असणे आणि प्रत्यक्ष करणे यांत भेद मानला की पेच सुटतो. समर्थ वस्तूही सहकाऱ्यांवाचून स्वस्थ राहू शकते.

रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, ठेवलेली इमेज ही कोठीतले बी आहे आणि चालता कंटेनर हे पेरलेले. इथपर्यंत उपमा बिनचूक बसते, आणि निवडीचा पहिला भाग तिच्यातूनच उलगडतो. आपल्या यंत्रावर कंटेनर चालवणारा माणूस सगळे सहकारी स्वतः गोळा करतो: वीज, प्रोसेसर, जाळे, सुरक्षेच्या सुधारणा, रात्री बंद पडले तर उठून पाहणारा कोणीतरी. सर्व्हरलेसमध्ये माती, पाणी दुसऱ्याचे. मालकाजवळ फक्त बी. पहिल्या मागणीला कंटेनर उभा राहायला वेळ लागतो, त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. तो टाळायला बरेचजण ‘किमान एक कंटेनर कायम चालू’ अशी सोय विकत घेतात. असे केले की क्षणिकतेचा मुख्य लाभ त्यांनी परत दिलेला असतो. उदयनाचार्य हसले असते.

पण सर्व्हरलेस म्हणजे बौद्ध आणि घरचा कंटेनर म्हणजे नैयायिक, असे सरळ समीकरण मांडले तर ते चुकते. बौद्धांचा क्षण एकटा नसतो. प्रत्येक क्षण मावळताना आपला संस्कार पुढच्या क्षणाला देतो. या अखंड ओळीला संतान म्हणतात, आणि स्मृती, कर्मफल, ‘मी’पणाचा भास हे सगळे त्या ओळीत बसवले जाते. एका मागणीला उत्तर देऊन मावळलेला कंटेनर पुढच्याला काहीच देत नाही. त्यांच्यात ओळ नाही, फक्त समान इमेज आहे. म्हणून संतानाच्या जवळ जातो तो घरचा कंटेनर, जो क्षणोक्षणी बदलत असूनही आपला लिहिलेला थर पुढे नेतो. सर्व्हरलेस कंटेनर शांतरक्षितालाही अपुरा वाटला असता: क्षणिक आहे, पण वासना, म्हणजे मागे उरणारा संस्कार, नसलेला.

यातूनच दोन दोष उद्भवतात आणि त्यांची नावे दर्शनांत तयार आहेत. ‘तत्त्वसंग्रहा’त ‘स्थिरभावपरीक्षे’च्या लगेच पुढे ‘कर्मफलसंबंधपरीक्षा’ येते, कारण विरोधकांचा आक्षेप तयार असतो: कर्ता त्याच क्षणी गेला, तर केलेले वाया जाईल आणि न केलेल्याचे फळ दुसऱ्याच्या माथी येईल. पहिला कृतनाश, दुसरा अकृताभ्यागम. क्लाउड रनच्या मूळ रचनेत उत्तर पाठवून झाले की कंटेनरला प्रोसेसर जवळजवळ मिळत नाही. उत्तर दिल्यानंतर ‘मागाहून करू’ म्हणून ठेवलेले काम, उदाहरणार्थ पावती पाठवणे किंवा नोंद लिहिणे, अर्धवट राहते. हा कृतनाश. दुसरा दोष अधिक घातक. जो कंटेनर अजून मावळलेला नाही तोच पुढची मागणीही हाताळतो. प्रोग्रामरने एका वापरकर्त्याची माहिती सामायिक चलात किंवा तात्पुरत्या फाइलीत ठेवली असेल, तर ती दुसऱ्याच्या उत्तरात डोकावू शकते. हा अकृताभ्यागम. दोन्हींचे कारण एकच, चुकीचे गृहीत: एक तर कंटेनर क्षणिक आहे असे धरून प्रोग्राम लिहिला नाही, किंवा तो पूर्ण क्षणिक आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्षात तो स्थिर आणि पूर्ण क्षणिक यांच्या मध्ये असतो, आणि त्याचा कालावधी वापरणाऱ्याच्या हाती नसतो.

प्रोग्राम घरी चालवला काय किंवा बाहेर, त्याला ‘तोच प्रोग्राम’ म्हणतात; ते शब्दही तपासून घ्यावे लागतात. पूर्वी पाहिलेले पुन्हा पाहून ‘हे तेच’ असे ओळखणे म्हणजे प्रत्यभिज्ञा. नैयायिकांचा स्थैर्याविषयीचा मोठा पुरावा हाच. बौद्ध दिव्याच्या ज्योतीकडे बोट दाखवतात: ती क्षणोक्षणी नवी असते, तरी पाहणारा तीच म्हणतो. इमेजला तिच्या आशयावरून काढलेला एक लांब ठसा असतो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. म्हणून लॅपटॉपवरची आणि मुंबईतली इमेज एकच आहे हे ठशावरून निश्चित सांगता येते, आणि इथे प्रत्यभिज्ञा फसत नाही. फसते ती चालत्या रूपाबाबत. ॲपलच्या नव्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरसाठी असते. इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरवर ती सहसा सुरूच होत नाही. दोन्हींसाठी मुद्दाम बांधली, तर एका नावाखाली दोन इमेज असतात. शिवाय विंडोज आणि मॅकवर डॉकर पडद्याआड एक लिनक्स यंत्र चालवतो, त्याचे फाइल वाचण्याचे वागणे खऱ्या सर्व्हरहून निराळे. ‘माझ्याकडे चालते’ हे प्रोग्रामरांचे ठरलेले वाक्य जाती आणि व्यक्ती यांतल्या गल्लतीतून येते: इमेज ही जाती, चालता कंटेनर ही व्यक्ती, आणि जातीविषयीचे विधान व्यक्तीला लावले जाते.

जैनांचे उत्तर या निवडीला सर्वांत उपयोगी पडते. हरिभद्रसूरींच्या मते वस्तू द्रव्य म्हणून टिकते आणि पर्याय, म्हणजे अवस्था, म्हणून बदलते. एकाच बाजूवर हट्ट धरला की दोष येतो. कोणत्या अंगाने बोलतो ते सांगितले, की नित्य आणि अनित्य दोन्ही खरे. कोणी याला तडजोड म्हणेल, पण ती तडजोड नव्हे, कारण कोणते अंग टिकाऊ आणि कोणते क्षणिक हे प्रत्येक ठिकाणी दाखवून द्यावे लागते, आणि तिथेच खरे कष्ट असतात. प्रोग्रामबाबत ही वाटणी अशी पडते: गणना करणारा भाग क्षणिक असायला हरकत नाही, माहिती, वापरकर्त्यांची खाती, इमेजचा ठसा आणि बांधणीची कृती टिकली पाहिजे. सर्व्हरलेस सेवा स्थैर्य नाहीसे करत नाही. ती ते डेटाबेसकडे, साठवणीकडे आणि सेवादात्याच्या खात्याकडे सरकवते. कंटेनरचे बिल शून्य झाले त्या महिन्यातही साठवणीचे बिल येतेच.

मग टिकाऊ अंग कोणाजवळ ठेवायचे? याचे बोलके उदाहरण खुद्द ‘तत्त्वसंग्रहा’चे आहे. तो रचणाऱ्या परंपरेचे विहार भारतात उजाड झाले. नालंदेतली प्रत हाती लागली नाही. संस्कृत मूळ वाचले ते जैनांच्या ज्ञानभांडारात. १८७३-७४ च्या दौऱ्यात गेओर्ग ब्यूलर यांना ते जैसलमेरला आढळले. दुसरीकडे तिबेटी अनुवाद तंजूरमध्ये सुरक्षित राहिला. ज्यांच्या मताचे त्यात खंडन आहे अशा लोकांनी तो ग्रंथ सांभाळला, आणि दुसऱ्या भाषेतल्या प्रतीने त्याला दुजोरा दिला. यावरून परक्याच्या ताब्यात दिलेली वस्तू असुरक्षित असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, आणि घरची सुरक्षित असाही नाही. भांडारात पोथी वाचली कारण ती ताडपत्रावर होती आणि कोणत्याही वाचकाला वाचता येईल अशा रूपात होती. सेवादात्याकडे ठेवलेली माहिती त्याच्याच खास डेटाबेसात अडकली असेल, तर खाते बंद झाल्यावर ती तशी वाचत नाही. इमेजचे स्वरूप मात्र या बाबतीत भाग्यवान आहे: २०१७ पासून ते खुल्या प्रमाणाने बांधलेले आहे, आणि तीच इमेज पॉडमनवर, फारगेटवर किंवा क्लाउड रनवर चालू शकते.

ही वाटणी एका कल्पित पण बडोद्याला साजेशा कामावर लावून पाहता येते. गायकवाडांच्या कारभाराची मोठी दफ्तरे मोडी लिपीत आहेत. समजा, बडोद्याच्या रावपुरा भागातल्या एखाद्या छोट्या कार्यालयाने मोडी कागदाचे छायाचित्र घेऊन त्याचे देवनागरी वाचन देणारा प्रोग्राम केला. वाचक दिवसाला चार येतील, दिवाळीच्या सुटीत एकही नाही, आणि एखाद्या शोधनिबंधाच्या हंगामात एकदम शंभर. वाचनाचे हे काम क्षणिक आहे: छायाचित्र आत, अक्षरे बाहेर. ते सर्व्हरलेसवर ठेवणे शहाणपणाचे, कारण रिकाम्या दिवसांचा खर्च उरत नाही आणि गर्दीचा भार कार्यालयाच्या एका यंत्रावर पडत नाही. अक्षर ओळखायला यंत्राला शिकवण्याचे काम मात्र तासन्‌तास चालते. क्लाउड रनमध्ये एका मागणीला जास्तीत जास्त साठ मिनिटे मिळतात. म्हणून हे शिकवणे घरच्या यंत्रावर, ग्राफिक कार्ड बसवून, कंटेनरमध्येच करावे. कोणाच्या जमिनीच्या हक्काचे कागद असतील तर त्यांची छायाचित्रे बाहेर पाठवण्याआधी मालकाची संमती घ्यावी, आणि ती नसेल तर त्या कागदांसाठी तीच इमेज कार्यालयातच चालवावी. छायाचित्रे आणि तपासलेली वाचने मुंबईतल्या साठवणीत आणि कार्यालयातल्या डिस्कवर, अशी दोन ठिकाणी साध्या फाइलींच्या रूपात असावीत. नवी इमेज प्रथम कार्यालयात, सर्व्हरच्याच प्रोसेसरसाठी बांधून, थोड्या ठरलेल्या पानांवर चालवून पाहावी. आणि तिने दिलेली वाचने मागच्या इमेजच्या वाचनांशी जुळली, तरच तिचा ठसा लिहून घेऊन ती वर चढवावी.