घरी सांगू नकोस

मधल्या सुटीत मूल शाळेच्या ओट्यावरून पडते, कपाळाला खोक पडते, गुरुजी धावत येऊन जखमेवर हळद दाबतात आणि थोड्या वेळाने रडणे थांबते. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवीत ते म्हणतात, "आता बरे वाटते ना? मग घरी सांगू नकोस हं." हे वाक्य लहानपणी ज्याच्या कानी पडले नाही असा वाचक विरळा. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कपट नसते. उद्या बाप शाळेत येऊन आरडाओरडा करील, वरिष्ठांपर्यंत बोभाटा होईल, आणि एवढ्याशा खोकेपायी सारे गाव तोंडसुख घेईल, एवढीच त्याला भीती असते. तरीपण ह्या साध्या वाक्यात एक मोठा नीतीचा प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते.

मुलाचे शाळेतील बरेवाईट आईबापांस कळविणे हा शिक्षकाचा उपकार आहे, की त्याच्यावरील ऋण? आपला बैल आपण शेजाऱ्याच्या बैलांबरोबर चरावयास धाडला आणि त्याचा पाय मुरगळला, तर दिवस मावळण्यापूर्वी शेजारी दारात येऊन सांगतो. न सांगता त्याने बैल मुकाट्याने दावणीला आणून बांधला, तर पाय मुरगळल्याचा राग आपण विसरू, पण न सांगितल्याचा विसरणार नाही. बैलाच्या बाबतीत जी रीत गावाला ठाऊक आहे, ती मुलाच्या बाबतीत नवी मानण्याचे कारण काय? मूल सकाळी शाळेच्या हवाली केले म्हणजे ते शाळेचे झाले असे नव्हे. ती ठेव आहे.

कोणी म्हणेल की, आईबाप मोलमजुरी करणारे. त्यांस उगीच निरोप धाडून त्यांची दिवसाची मजुरी का बुडवावी? हे म्हणणे दयेचे दिसते खरे. परंतु काळजी करावी की न करावी, कामावरून उठून यावे की न यावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांचे मूल त्यांचा आहे. तो आपल्याकडे घेऊन आपण त्यांच्यावर दया करतो असे म्हणणे बरोबर नव्हे. शिवाय डोक्याला लागलेला मार संध्याकाळी निराळे रूप घेतो. मूल रात्री ओकू लागले किंवा गुंगीत गेले, आणि ते दुपारी पडले होते हे आईला ठाऊकच नसले, तर ती पित्त समजून लिंबूपाणी देत बसेल.

पण आमची खरी तक्रार ह्याहून खोल आहे. ज्या मुलाला एका खोकेसाठी "घरी सांगू नकोस" हे शिकविले, त्याला शाळेत घडलेली गोष्ट आईपासून लपवावयाची असते, हाच धडा मिळाला. पुढे कोणी दुष्ट मनुष्य त्याच मुलाच्या अंगाला हात लावील, तेव्हा तोही हेच तीन शब्द उच्चारील, आणि मुलाला ते ओळखीचे वाटतील. बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, आणि २० ऑगस्टला संतप्त लोकांनी रुळांवर बसून आगगाड्या दिवसभर रोखून धरल्या. मुली घरी बोलल्या म्हणून ते कळले. पुढे शाळेच्या चालकांवर गुन्हा न कळविल्याचा आरोपही ठेवण्यात आला. अशा गुन्ह्याची माहिती असून जो पोलिसांस कळवीत नाही, तो २०१२ च्या पोक्सो कायद्याने स्वतः शिक्षेस पात्र होतो. कायदा अर्थात मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाने घरी बोलावे म्हणून कायदा करता येत नाही. ती सवय खोक, खरचटणे, पोटदुखी अशा किरकोळ गोष्टींतूनच लागते.

न सांगण्याचे आणखी एक फळ म्हणजे अफवा. २७ नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना गोवर व रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली, आणि ती बहुतांशी शाळांतून चालली. जेथे आईबापांस आधी बोलावून लस कशाची, सुई टोचल्यावर ताप येऊ शकतो की नाही, हे नीट सांगितले नव्हते, तेथे भलभलत्या गोष्टी पसरल्या. थोडा ताप येईल हे सांगितले तर लोक बिथरतील, असे काहींस वाटते. अनुभव उलट आहे. आधी सांगितलेला ताप आई अंगावर फडके ठेवून निभावते. न सांगितलेल्या तापाने ती पुढच्या वेळी मूल घरीच ठेवते. दिल्लीत तर हा वाद न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने आईबापांची स्पष्ट संमती घेतल्यावाचून शाळेत लस देऊ नये असे ठरविले.

ह्याला मर्यादा नाही काय? आहे. एका मुलाचे दुखणे त्याच्या आईबापांस कळविणे निराळे आणि ते साऱ्या वर्गाच्या मोबाइलवरील गटात टाकणे निराळे. वर्गात कांजिण्या आल्या आहेत एवढे सर्वांस कळावे. कोणाच्या घरी, हे कळण्याची गरज नाही. कित्येक उत्साही शिक्षक ह्यात गल्लत करतात.

हजेरीचे तर ह्याहून कठीण. बदलापूरनंतर राज्य शासनाने दिवसातून तीन वेळा हजेरी घ्यावी व मूल गैरहजर असल्यास पालकांच्या मोबाइलवर संदेश धाडावा असे फर्माविले. नियम चांगला आहे. पण बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि मागे राहिलेले मूल आजीजवळ असते. संदेश जातो तो फडात कोयता चालवीत असलेल्या बापाच्या खिशात. दप्तर घेऊन निघालेली नात शाळेत पोहोचलीच नाही, हे आजीला दिवेलागणीपर्यंत कळत नाही. आजीला अक्षर येत नाही. तिला कोणी दारात येऊन सांगावे लागते, आणि तिचे घर शाळेपासून बहुधा हाकेच्या अंतरावर असते.