बक्षीसपत्राने दिलेला वाढदिवस

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा, गोठ्याची आरास आणि आप्तेष्टांचे आगतस्वागत यांत वसईचे एखादे ख्रिस्ती घर गुंतलेले असता, त्याच दिवशी जन्मलेल्या बालकाच्या मनात जी मूक फिर्याद उभी राहते, ती मला सर्वथैव न्याय्य वाटते.

अशा फिर्यादीची रीतसर दखल १८९१ साली सामोआ बेटांवर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या ग्रंथकाराने घेतली. तेथील अमेरिकन भूमी-आयुक्त हेन्री आइड यांची कन्या ॲनी नाताळच्या दिवशी जन्मल्यामुळे स्वतंत्र वाढदिवसाच्या सुखास वंचित आहे हे कळताच, आपणांस आता वाढदिवसाचे प्रयोजन उरले नाही असे नमूद करून, त्याने आपली १३ नोव्हेंबर ही जन्मतिथी साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेल्या बक्षीसपत्राने तिच्या नावे करून दिली. उत्तम पोशाख, मिष्टान्न, भेटी असे त्या दिवसाचे सारे हक्क त्यात तपशीलवार नोंदले होते. बक्षीसपत्रातील शर्ती तिने मोडल्यास तो दिवस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जावा, अशी तजवीजही होती. बालकाचे दुःख दस्तऐवजाच्या योग्यतेचे मानणारा हा पुरुष मला फार थोर वाटतो.

असे बक्षीसपत्र प्रत्येकास करता येणार नाही; एकाच भेटवस्तूत नाताळ आणि वाढदिवस दोन्ही उरकण्याचा प्रघात मात्र पालकांनी यंदापासूनच रद्दबातल करावा.