भूल आणि संमती

मराठीत ‘भूल’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. शस्त्रक्रियेपूर्वी दिली जाते तीही भूल आणि माणसाच्या हातून नकळत घडते तीही भूल. या दोन्ही अर्थांना स्पर्श करणारा एक प्रश्न येथे मांडावयाचा आहे. घरातील वृद्धास संपूर्ण भूल देण्याचा प्रसंग आला, तर तिचे संभाव्य दुष्परिणाम त्याच्या कानावर घालावेत, की मुलांना बाहेर बोलावून सांगावेत आणि त्यांच्या सहीवर काम भागवावे? बहुतेक घरांत दुसरा मार्ग पत्करला जातो आणि तो प्रेमापोटीच पत्करला जातो, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

भुलीचे उपकार थोर आहेत. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षी एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची मुलगी दगावली आणि वाद सुरू झाला. आपल्या हैदराबादचा या वादाशी निकटचा संबंध आहे. निजामांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली येथे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९११ साली लेव्ही यांनी हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे प्रयोगाने दाखविले. वैद्याने नाडीवर लक्ष ठेवावे की श्वासावर, हा त्या वादाचा गाभा होता. रुग्णास काय सांगावे, हा प्रश्न त्या आयोगांपुढे नव्हता.

आज भुलीने मृत्यू येणे अत्यंत विरळ झाले आहे. मळमळ, थंडी वाजून कापरे भरणे, श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा दुखणे या तक्रारी बहुधा एक-दोन दिवसांत निवळतात. वृद्धांच्या बाबतीत मात्र आणखी दोन गोष्टी संभवतात. पहिली म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची भ्रमावस्था. रुग्णास दिवस-रात्रीचे भान राहत नाही, तो घरच्यांना ओळखत नाही, नळ्या ओढू लागतो. किंवा नुसता गप्प पडून राहतो आणि मग कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी म्हणजे स्मरण व एकाग्रता मंदावणे. साठ वर्षांवरील बाराशेहून अधिक रुग्णांची पाहणी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९९८ साली प्रसिद्ध झाली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत आणि तीन महिन्यांनी सुमारे दहा टक्के रुग्णांत अशी मंदता तीत आढळली. तिचा सारा दोष औषधाच्या माथी मारणेही योग्य नाही. वय, मूळचा आजार, शस्त्रक्रियेचा शरीरावरील आघात ही कारणेही असतात. मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांवरील दोन मोठ्या चाचण्या २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. संपूर्ण भुलीऐवजी पाठीच्या कण्यात भूल दिल्याने भ्रमावस्थेचे प्रमाण कमी होते, असे त्यांत दिसले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘बाबांना सांगू नका, ते घाबरतील’ असे मुलगा म्हणतो. भीतीनेही अपाय होतो, हे खरे. पण येथे भय टाळले जाते ते कोणाचे? सांगणे जड जाते ते बहुधा सांगणाऱ्यालाच. शिवाय न सांगितल्याने संकट टळत नाही, केवळ त्याची तयारी राहून जाते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या रात्री आई असंबद्ध बोलू लागली की घरचे हादरतात, आणि भानावर आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटते. असे होऊ शकते व ते बहुतेकदा निवळते, एवढे आधी ठाऊक असते तर दोघांचाही क्लेश हलका झाला असता.

१६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या संदर्भात मननीय आहे. तपासणीसाठी संपूर्ण भूल दिलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. तातडी नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईनेही दिलेली संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्याच निकालात, दूरान्वयाने संभवणारा प्रत्येक धोका रुग्णास सांगण्याचे बंधन नाही, असेही म्हटले आहे. ही मर्यादा शहाणपणाची आहे. परंतु चौघांत एकाला जाणवणारी गोष्ट दूरची कशी म्हणावी?

शासकीय सेवेत एक नियम पाळावा लागे : ज्याच्या हिताचा निर्णय, त्याला कागद वाचून दाखविल्यावाचून त्याचा अंगठा घ्यावयाचा नाही. निरक्षर शेतकऱ्याला जो मान आपण देतो, तो आयुष्यभर घर चालविलेल्या वडिलांना वय झाले म्हणून नाकारावा काय? ‘मला तपशील नको, तुम्हीच पाहा’ असे ते म्हणाले, तर तोही त्यांचा अधिकार होय. मात्र तसे त्यांनी म्हणावे; आपण त्यांच्या वतीने गृहीत धरू नये.

सांगण्याची रीत असावी. भूलतज्ज्ञांना घरच्यांनी विनंती करावी की त्यांनी रुग्णाशी त्याच्या भाषेत, सावकाश बोलावे. भाषेची अडचण असल्यास आपण दुभाषी व्हावे, पण मधले काही गाळू नये. चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ जवळ ठेवावे. रात्री ओळखीचा आवाज उशाशी असावा. परक्या भाषेच्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत, गोंधळलेल्या वृद्धाला मराठीतली एक हाकही धीर देऊ शकेल. व्यवहाराची कागदपत्रे शस्त्रक्रियेपूर्वी उरकावीत. भुलीनंतर निदान चोवीस तास, आणि मन पूर्ण स्थिर होईपर्यंत, कोणत्याही दस्तऐवजावर त्यांची सही घेऊ नये. आणि हे सर्व ठरविताना ज्यांच्यासाठी ठरवावयाचे, त्यांनाही त्या बैठकीत बसवावे.