लेखणी कुणाच्या हातात?

‘कागदावर खरेदीखत आहे ना, मग ती विक्रीच,’ असं बारामतीतले एक वकील परवा बोलून गेले. तेव्हापासून ते वाक्य खुपतं आहे. मुदतखरेदी म्हणजे काय, हे बारामती-इंदापुरात कुणाला समजवायला नको. नड कर्जाची, कागद विक्रीचा आणि ‘पैसे फेड, जमीन परत देतो’ हा शब्द तोंडी.

कागदाने व्यवहाराला दिलेलं नाव एक, व्यवहार दुसराच. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले, ते मुख्यतः कर्जरोखे जाळायला. हे लोण इंदापुरातही गेलं. पुढे १८७९ च्या शेतकरी मदत कायद्याने न्यायाधीशाला कागदामागचा व्यवहार उकरायची मुभा दिली. ठीकच झालं; नावाला कसली किंमत द्यायची?

पण शेअर उसने देण्याचे करार बघा. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात ही सोय २००८ पासून आहे. इंग्लंडच्या कायद्याने चालणाऱ्या नमुना करारात तर देणाऱ्याला ‘धनको’ आणि घेणाऱ्याला ‘ऋणको’ म्हणतात, शेअरची मालकी मात्र पूर्ण घेणाऱ्याकडे जाते. तो ते विकूनही टाकतो. परत काय करायचं? ‘समतुल्य’ रोखे: तीच कंपनी, तोच प्रकार, तेवढीच संख्या. पेरणीला उसनी घेतलेली ज्वारी फेडताना तेच दाणे कोण मागतं? मधल्या काळात शेअरचे तुकडे झाले तर काय, लाभांश कुणाचा, हेही त्याच करारात असतं. घेणारा बुडाला तर ‘माझे शेअर’ म्हणून ते ओढून आणता येत नाहीत. देणाऱ्याचा भरवसा तारणावर.

म्हणजे इथेही नाव एक, परिणाम दुसरा. तरी फसवणूक नाही, कारण परतीची अट कागदातच आहे. १९२९ च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हेच घातलं: परतीची अट त्याच खतात नसेल तर विक्रीला गहाण म्हणता येणार नाही. मला हे सावकाराच्या सोयीचं वाटायचं. आता वाटतं, वकिलांचं निम्मं खरं आहे. सगळं लिहिलेलं असेल तर कागदच शेवटचा असावा.

उरलेलं निम्मं ते सोडून देतात. शेअरच्या करारात दोन्हीकडे वकील असतात. सुप्याच्या कुणब्याकडे अंगठा होता. १८७९ च्या कायद्याने म्हणूनच आणखी एक तरतूद केली: शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकाने लिहायचा किंवा त्याच्या देखरेखीत लिहून घ्यायचा. मदत कायद्याची चर्चा करताना न्यायाधीशाच्या अधिकाराचंच कौतुक होतं. मला आता ही तरतूद अधिक धारदार वाटते.