तारा आल्या, रूळ एकच

मार्च २०२२ मध्ये रत्नागिरी ते थिवी हा शेवटचा टप्पा रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीतून पार पडला आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग पूर्णपणे विजेवर आला. त्याच वर्षी २० जूनला पंतप्रधानांनी त्याचे लोकार्पण केले. त्यानंतरही मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्याचा अनुभव फारसा बदललेला नाही. इंजिन विजेचे आहे, डबे नवे आहेत, पण गाडी अजूनही कुठल्याशा लहान स्टेशनात उभी असते आणि डब्यात कुणीतरी ठरलेले उत्तर देते : क्रॉसिंग आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते कोलाडला दुपदरीकरण आणि विद्युतीकरण या दोन्ही कामांचा नारळ फुटला. तेव्हापासून हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात, जणू ते एकाच कामाचे दोन भाग आहेत. सात वर्षांत यातले एक काम पूर्ण झाले. दुसरे रोहा ते वीर या ४६.८ किलोमीटरवर ऑगस्ट २०२१ मध्ये थांबले, ते थांबलेलेच आहे. वीरच्या पुढे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि कर्नाटकाचा किनारा असा जवळपास सातशे किलोमीटरचा मार्ग आजही एकेरी आहे.

असे का झाले, याचे उत्तर साध्या भागाकारात सापडते. संपूर्ण मार्गाच्या विद्युतीकरणाला १,२८७ कोटी रुपये लागले, म्हणजे किलोमीटरमागे पावणेदोन कोटींच्या आत. रोहा–वीर दुपदरीकरणाला ५३० कोटी लागले, म्हणजे किलोमीटरमागे सव्वाअकरा कोटी. दुसरा रूळ तारेच्या साडेसहा पट महाग पडला, आणि तोही मार्गाच्या त्यातल्या त्यात सोप्या भागात. वीरच्या पुढे सह्याद्रीचे फाटे सुरू होतात. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यांची एकत्रित लांबी ऐंशी किलोमीटरच्या वर जाते, आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. पानवलचा पूल ६४ मीटर उंच. दुसरा रूळ टाकायचा तर यातले बरेचसे पुन्हा एकदा बांधावे लागेल. तारेला मात्र नवी जमीन लागत नाही, नवा डोंगर फोडावा लागत नाही, शिवाय ती एका सरकारच्या कारकिर्दीत पूर्ण होऊन तिचे लोकार्पणही होते.

विद्युतीकरण म्हणजे निव्वळ देखावा, असे मात्र म्हणता येणार नाही. डिझेलवरच्या खर्चात वर्षाला दीडशे कोटींच्या आसपास बचत होईल, असा कोकण रेल्वेचा अंदाज होता. मुंबईच्या बाजूने विजेवर आलेल्या गाडीचे इंजिन बदलावे लागत नाही. लांब बोगद्यांमधून डिझेलचा धूर बाहेर काढण्यासाठी मोठाले पंखे बसवावे लागले होते, तो धूर आता कमी झाला. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशावर तयार होते, म्हणून याला सरसकट 'हरित' म्हणणे घाईचे ठरेल. तरी आयात तेलावर चालणारे इंजिन बाजूला सारणे शहाणपणाचेच होते. माझा आक्षेप तारेवर नाही. तार आली म्हणजे मार्ग सुधारला, या समजुतीवर आहे.

एकेरी मार्गाची अडचण वेगाची आहे असे आपण धरून चालतो. कोकण रेल्वेच्या बाबतीत ते खरे नाही. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली या मार्गाची आखणी झाली ती ताशी १६० किलोमीटर वेग डोळ्यांसमोर ठेवून. वळणांची त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या खाली जाऊ दिली नाही, चढही दीडशेला एक इतका बेताचा ठेवला. त्यासाठीच तर एवढे बोगदे आणि पूल झाले. रूळ वेगासाठी तयार आहे, अडते ते दुसरीकडे. दोन स्टेशनांमधल्या एकेरी रुळावर एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरून येणारीला अलीकडच्या स्टेशनात बाजूच्या लाइनीवर थांबावेच लागते. अरुंद पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावे लागते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे मागे सरता येत नाही, म्हणून आधीच थांबावे लागते. मार्गावरून दिवसात किती गाड्या जातील, हे त्यामुळे सर्वांत वेगवान गाडी ठरवत नाही. ज्या दोन स्टेशनांमधले अंतर कापायला सर्वाधिक वेळ लागतो, तो टप्पा ते ठरवतो.

यातूनच थांब्यांचे राजकारण जन्माला येते. एकेरी मार्गावर एखादी एक्स्प्रेस वैभववाडीला दोन मिनिटे जादा थांबली, तर पुढच्या स्टेशनात तिची वाट पाहणारी गाडी उशिरा सुटते, ती गाडी तिच्या पुढच्या क्रॉसिंगला उशिरा पोहोचते, आणि तो उशीर साखळीसारखा संध्याकाळपर्यंत सरकत राहतो. वेळापत्रक आखणाऱ्याच्या दृष्टीने लहान स्टेशनावरचा प्रत्येक थांबा म्हणजे एक धोका. म्हणून तो टाळला जातो. संगमेश्वर रोडला नेत्रावती एक्स्प्रेस थांबावी यासाठी प्रवाशांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला, यामागे कुणाचा खोडसाळपणा नसतो, गणित असते. करोनाकाळानंतर रत्नागिरी–दादर पॅसेंजर दिव्यापर्यंतच येऊ लागली. तिथे अडचण कोकणातल्या रुळाची नसून मुंबईच्या उपनगरी गर्दीची होती, पण तर्क तोच. जागा कमी पडली की आधी पॅसेंजर मागे सरते.

दुसऱ्या रुळाचा खरा उपयोग इथे आहे. कोकणाला तो हवा तो गाड्या कोकणातून अधिक वेगाने पळाव्यात म्हणून नाही, त्या कोकणात निर्धास्त थांबू शकाव्यात म्हणून. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांचे रूळ वेगळे झाले की एका गाडीच्या थांब्याची किंमत समोरून येणाऱ्या गाडीला मोजावी लागत नाही. मार्गाची क्षमता त्यामुळे दुपटीहून बरीच अधिक वाढते. चिपळूण ते रत्नागिरी, कणकवली ते मडगाव अशा कामावर जाणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या, बाजाराला निघालेल्या माणसांच्या गाड्या तेव्हाच शक्य होतात. आज कोकण रेल्वे प्रामुख्याने मुंबईला नेते आणि मुंबईहून आणते. कोकणातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी रोज जाण्यासाठी तिचा उपयोग फार थोडा.

दुपदरीकरणाचे गोडवे गाताना पावसाला विसरून चालत नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतार कापून सौम्य केले गेले, कातळाला जाळ्या लावल्या गेल्या, पावसाळ्यात दिवसरात्र गस्त सुरू झाली. पावसाळी वेळापत्रकात वेग कमी ठेवला जातो आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर चालकाला ताशी ४० किलोमीटरवर यावे लागते. मुंबई–मडगाव वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत पोहोचते, पावसाळ्यात तिला दहा तास लागतात. तार तीच, इंजिन तेच, वेळ ठरवतो तो डोंगर. आणि गणपती नेमके या संथ वेळापत्रकातच येतात. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि वर्षातला सर्वांत कमी वेग एकाच एकेरी रुळावर एकत्र येतात. जादा गाड्यांची घोषणा होते, पण जादा रूळ नसतो. मग उशीर मुक्कामाला येतो.

दुसरा रूळ टाकल्याने दरडी थांबणार नाहीत. उलट जुन्या कटिंगच्या शेजारी नवी कटिंग काढताना डोंगर आणखी दुखावला जाईल. जांभ्याखालची मऊ माती काय करू शकते, हे गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने बांधकामाच्या वेळीच दाखवले होते. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू व्हायला जी विलंबाची वर्षे लागली, त्यात मऊ मातीतल्या बोगद्यांचा वाटा मोठा होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक ठप्प झाली. म्हणून रोह्यापासून ठोकूरपर्यंत सलग दुसरा रूळ ही मागणी ऐकायला भव्य असली तरी ती करू नये, असे माझे मत आहे. शेजारच्या मुंबई–गोवा महामार्गाचे उदाहरण ताजे आहे. सगळीकडे एकाच वेळी उकरून ठेवायचे आणि दशक उलटले तरी कुठेही सलग रस्ता मिळू द्यायचा नाही, हा अनुभव रेल्वेवर पुन्हा घेण्याचे कारण नाही.

रेल्वेला एक सोय आहे, जी महामार्गाला नाही. अर्धवट दुपदरी मार्गही उपयोगी असतो. आधी लांब टप्पे तोडावेत. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही नवी क्रॉसिंग स्टेशने याच विचाराने झाली. मग बोगदे आणि मोठे पूल वगळून सपाट पट्ट्यांवर दुसरा रूळ टाकावा. एखाद्या पट्ट्यात वीसेक किलोमीटर दुपदरी झाले तरी दोन गाड्या न थांबता, धावता धावता एकमेकींना ओलांडू शकतात. डोंगरातला एकेरी भाग मागाहून, भूगर्भाचा नीट अभ्यास करून हाताळावा, काही ठिकाणी कदाचित कधीच नाही. भव्यतेचा हट्ट सोडला तर हे काम आवाक्यात आहे.

पैशाचा प्रश्न उरतो. १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ झाले, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार झाले, बाजारातून रोखे उभारले गेले. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लावून धरलेली मागणी या वेगळ्या व्यवस्थेमुळेच प्रत्यक्षात आली. तिची किंमत प्रवासी अजूनही मोजतो आहे. या मार्गावर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के जादा अंतर धरून भाडे आकारले जाते. पण बांधणीला सोयीची ठरलेली कंपनी विस्ताराला तोकडी पडली. दुपदरीकरणाइतका पैसा स्वबळावर उभा करणे तिला शक्य नाही. म्हणून भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी पुढे आली आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. राज्याने अटी घातल्या त्या दोन : 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत. नावाचा जिव्हाळा समजतो, हिशेबही समजतो. तरीही तिसरी अट हवी होती. कोणता पट्टा कोणत्या वर्षी दुपदरी होणार, हे लेखी मागायला हवे होते. विलीनीकरणानंतर हा मार्ग एका अवाढव्य यंत्रणेचे टोक होईल, आणि टोकाला पैसा सर्वांत शेवटी पोहोचतो.

क्षमता वाढली तर ती कुणाला मिळणार, हा प्रश्न मात्र पैशापेक्षाही अवघड आहे. शेजारच्या गोव्याने तो रस्त्यावर उतरून विचारला. कॅसलरॉक ते कुळे हा घाटातला मार्ग दुपदरी करण्याला तिथे तीव्र विरोध झाला. 'गोंयांत कोळसो नाका' म्हणणाऱ्यांची भूमिका स्पष्ट होती : हा दुसरा रूळ आमच्यासाठी नसून मुरगाव बंदरातून निघणाऱ्या कोळशासाठी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातून जाणाऱ्या त्या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. पेडण्याच्या अलीकडे लोक दुसरा रूळ मागतात, कुळ्याच्या बाजूला तोच नाकारतात. दोन्ही ठिकाणची माणसे विकासाविषयी परस्परविरोधी मतांची आहेत म्हणून असे होत नाही. दोघांचाही प्रश्न एकच आहे, की आमच्या दारावरून जे जाणार, त्यातले आमच्या दारी थांबणार किती?

हा प्रश्न कोकणातही आज ना उद्या येणार आहे. क्षमता वाढताच ती केरळपर्यंतच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांनी आणि मालगाड्यांनी भरून गेली, तर सिंधुदुर्गातल्या माणसाला दुसऱ्या रुळाचा आवाज तेवढा मिळेल. देशाच्या वाहतुकीची गरज खरी आहे, मालगाडी नको असे म्हणणेही चुकीचे. डिझेल जाळत जाणारे ट्रक वाघिणींवर चढवून नेण्याची रो-रो सेवा याच मार्गाने १९९९ पासून चालवून दाखवली आहे. पण वाटणी आधी ठरली पाहिजे. १९९० च्या दशकात हजारो कुटुंबांनी या मार्गासाठी जमिनी दिल्या, तेव्हा त्यांना नकाशा दाखवण्यात आला होता. गाडी कुठून जाणार, हे त्यात होते. ती कुणासाठी थांबणार, हे नव्हते. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले, ते पूर्णत्वाला जाण्याची वाट लोक अजून पाहत आहेत.

म्हणून पुढच्या टप्प्यासाठी जमीन मागायला अधिकारी येतील, तेव्हा ग्रामसभांनी मोबदल्याच्या दराबरोबर आणखी एक कागद मागावा : हा पट्टा दुपदरी झाल्यावर आपल्या स्टेशनात रोज कोणत्या गाड्या, किती वाजता थांबतील याचे वेळापत्रक. ते देता येत नसेल, तर तो रूळ कोकणातून जाईल, पण कोकणाचा नसेल. आणि जे देता येईल ते करारात लिहून घ्यावे, कारण लोकार्पणाच्या भाषणातली आश्वासने वेळापत्रकात उतरत नाहीत.