कोण कुणाचे कूळ?

आमच्या मालवणच्या घरी मागच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ राहतात. ते आमचे कोण, हे वडिलांना ठाऊक नव्हते आणि आजोबांना विचारायचे राहून गेले. भाडे देत नाहीत. जेवतात मात्र आमच्याकडे. यंदा त्यांना बाहेर काढायचेच, अशा निर्धाराने मी मुंबईहून गेलो.

लेक बाळंतपणाला आलेली. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. म्हणाली, "बाबा, विषाणूचा सातबारा अजून शास्त्रज्ञांना सापडलेला नाही. तुम्ही पडवीचा कुठला शोधताय?"

विषाणूच्या मूळपुरुषाबद्दल तीन दावे आहेत म्हणे. एक, पेशींची घरे बांधली जाण्यापूर्वीपासून तो इथलाच. दोन, तोही एके काळी घरंदाज पेशी होता. दुसऱ्याकडे फुकट जेवण मिळू लागल्यावर स्वतःची चूलभांडी विकून बसला. तीन, तो पेशीच्याच घरातून गाठोडे घेऊन पळालेला जनुक. २००३ साली जाहीर झालेल्या मिमिव्हायरस या राक्षसी विषाणूकडे प्रथिने रांधायची थोडी भांडी निघाली, तेव्हा दुसऱ्या पक्षाला जोर चढला. पहिला-तिसरा पक्ष म्हणतो, ती शेजाऱ्यांची उचललेली! त्याचे भाईबंद पुढे मुंबईच्या पाण्यातही मिळाले. एकाला पवईचे नाव मिळाले, एकाला कुर्ल्याचे. मुंबईत बिनभाड्याने राहून वर जागा नावावर! कदाचित तिन्ही दावे खरे असतील, निरनिराळ्या विषाणूंपुरते. निकाल अर्थातच लागलेला नाही.

"पण २०१६ साली दोडामार्गात माकडताप आला, तो याच जातीचा ना? त्याला पडवी द्यायची?" मी विचारले.

"त्याला नाही. पण आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे, त्याचं काय करणार?" पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "आणि ह्याच्या वारेतल्या पेशी सांधणारं सिन्सिटिन नावाचं प्रथिन विषाणूच्या जनुकातून आलंय. २००० साली कळलं. ज्या युक्तीनं तो घरात घुसला, त्याच युक्तीवर नातवंडं वाढतायत."

म्हणजे कुठून आला हे विचारू नये, काय करतो ते पाहावे. मला पटले. पण मग म्हाताऱ्यांचा उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर माणसाला पडवी नाही, असा कायदा केला, तर मला तरी पेन्शनीनंतर मुंबईत कोण ठेवील?

तरी धीर करून रात्री पानावर विचारलेच, "आपण मूळचे कुठले?"

त्यांनी सोलकढीचा घोट घेतला. "तुमचो आजो खंयसून इल्लो, ता ठावक आसा तुमका?"

नव्हते ठाऊक. मी गुमान त्यांना आणखी भात वाढला.